जिवंतपणी घातलेला हार

माझ्या बाबांच्या फोटोला पहिला हार पुण्यात नाही घातला गेला. तो जर्मनीत, लुडविग्सहाफेनमधल्या एका गोदामात घातला गेला, आणि तेव्हा बाबा पुण्यात आमच्या स्वयंपाकघरात चहात बिस्किट बुडवून खात बसले होते. चांगले धडधाकट. या एका हारापायी आईने पुढे वर्षभर माझ्याशी धड बोलणं टाकलं, आणि तिचं साफ चुकलं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मी सिनेमा आणि मालिकांच्या कलाविभागात काम करते. पडद्यावर जे घर दिसतं ना, ते कुणाचंच नसतं. ते आम्ही उभं करतो. भिंती सुतार करतात, रंग रंगारी देतात, आणि मग आमच्यासारख्या बायका येऊन त्यात माणसं राहतात असं भासवतात. फ्रिजवरचं बिल, खुर्चीवरचा टॉवेल, कपाला पडलेला टवका. लंडनमध्ये मी बरीच वर्षं हेच केलं. त्या धंद्यात कुणी कुणाला नोकरीवर ठेवत नाही. फोन येतो, अमुक महिन्यात मोकळी आहेस का, आणि हो म्हटलं की तुमचं नाव पेन्सिलने लिहितात. पक्कं झालं तर झालं, नाही तर कुणी कळवायचे कष्टही घेत नाही. माझ्या ओळखीतल्या लोकांनी या पेन्सिलीपायी लग्नं पुढे ढकलली, मुलं होऊ देणं पुढे ढकललं, आजारी आईबापांना भेटायला जाणं पुढे ढकललं. मीही त्यातलीच.

आणि मग एक काळ असा आला की फोनच येईनासे झाले. तिकडची कामं आटली. आयुष्यभर राजवाडे उभारलेला आमचा एक मेस्त्री लोकांची स्वयंपाकघरं बसवायला लागला, आणि मला चहाच्या वेळी हसवणारी ड्रेसवाली बाई एका दुकानात गल्ल्यावर बसली. मी सुटले ते नवऱ्यामुळे. त्याला वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही बाडबिस्तरा घेऊन इकडे जर्मनीत आलो. इथे लोक संध्याकाळी फाइयरआबेंड, म्हणजे झालं आजचं काम, म्हणतात आणि संगणक बंद करतात. सुट्टी म्हणजे सुट्टी, मग साहेबाचा बापही फोन करत नाही. नवरा रोज उजेडात घरी यायचा, आणि मला त्याचा हेवा वाटून राग यायचा. मी घरी बसून जर्मन क्रियापदं घोकत होते आणि मुलगी माझे उच्चार सुधारत होती.

अशात एक ब्रिटिश मालिका आमच्या दाराशी चालून आली. लेस्टरमधल्या एका भारतीय विधवेची गोष्ट; पण निम्मा पैसा जर्मन, म्हणून घराच्या आतलं सगळं शूटिंग ऱ्हाइनकाठच्या एका रिकाम्या गोदामात करायचं ठरलं. सेट डेकोरेटर, म्हणजे घर सजवणारी मुख्य बाई, माझी लंडनची जुनी मैत्रीण होती. यॉर्कशायरची, आडदांड, मनाने लोणी. तिने मला फोन केला आणि पेन्सिल-बिन्सिल काही नाही, थेट ये म्हणाली. मी नवऱ्याला म्हटलं, आता महिनाभर पोळ्या विसर.

त्या घराच्या जिन्याच्या भिंतीवर कुटुंबाचे फोटो लावायचे होते. आता ब्रिटिश कामात एक नियम असतो: पडद्यावर कुणाचाही चेहरा दिसला, फोटोत का होईना, तर त्या माणसाची लेखी परवानगी लागते. म्हणून काय होतं, काम करणारी मंडळीच आपापल्या घरचे फोटो आणतात. तुम्ही पाहिलेल्या कितीतरी ब्रिटिश मालिकांत भिंतीवरचा आजोबा हा खरं तर कुठल्यातरी सुताराचा सासरा असतो. मी मावश्या आणल्या, आत्या आणली, चुलतभावाच्या मुंजीत परकर-पोलकं घातलेली मी आणली. आणि बाबांना विचारलं.

बाबांना विचारायची गरजच नव्हती. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर फोरमनकी केली, पण जीव सगळा नाटकात. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दर वर्षी ते असायचे. आवाज खणखणीत होता, पण पाठांतराच्या नावाने बोंब, म्हणून दिग्दर्शक त्यांना हमखास मरणारा माणूस द्यायचे. भाऊबंदकीत मरणारा थोरला, संपात मरणारा पुढारी, दारूने मरणारा बाप. मरायचे मात्र असे की थिएटरात चिटपाखरू हलायचं नाही. आई प्रत्येक प्रयोगाला यायची, पहिल्या रांगेत बसायची, आणि त्यांचं मरण जवळ आलं की उठून बाहेर वडेवाल्यापाशी जाऊन उभी राहायची. पडदा पडला की परत. लग्नापासून एकदाही तिने त्यांना मरताना पाहिलं नव्हतं, आणि बाबा त्यावरून तिला आयुष्यभर चिडवत आले होते.

तर बाबांनी स्टुडिओत जाऊन नवा फोटो काढून घेतला. पांढरा शर्ट, केस चोपून बसवलेले, नजर कॅमेऱ्याच्या किंचित वर, जणू पुढचा संवाद विंगेतून कुणी सांगतंय. परवानगीच्या कागदावर ऐटीत सही केली आणि सोसायटीभर सांगत सुटले की आपण ब्रिटिश टीव्हीवर येतोय. मी समजावलं की जिन्यावर बारा लोकांत एक असाल, बाबा, अंगठ्याएवढे दिसाल. ते म्हणाले, अगं, छोटी भूमिका नसतेच.

विधवेच्या वारलेल्या नवऱ्याचा फोटो वेगळा होता. तो बैठकीच्या खोलीत मधोमध लागायचा होता आणि त्यासाठी लंडनहून एका नटाचे फोटो आले होते. त्याच्यासाठी चंदनाच्या सालीचा हार मी फ्रँकफुर्टच्या भारतीय दुकानातून आणून ठेवला होता. पण मोठा करून छापायला दिलेला तो फोटो मानहाइमच्या छापखान्यात रखडला, आणि त्या खोलीतलं पहिलं शूटिंग सकाळी लवकर होतं. मी पहाटे उठून गाडी काढली, छापखाना उघडेपर्यंत दारात ताटकळले, फोटो घेतला आणि तशीच उलट फिरले.

गोदामाच्या दाराशी पोचले तर लाल दिवा चालू होता, म्हणजे आत कॅमेरा फिरत होता. दिवा विझल्यावर आत गेले. काखेत तो नट. आणि समोर भिंतीवर मधोमध माझे बाबा, चंदनाचा हार घालून.

झालं होतं ते सरळ होतं. फोटो आला नाही, दिग्दर्शक थांबेना, आणि परवानगी मिळालेल्या फोटोंमध्ये चौकटीच्या मापाचा, वयाला शोभणारा एकच होता. माझ्या मैत्रिणीने तो लावला आणि हार घातला. तिला वाटलं हार म्हणजे मान. भारतात पाहुण्यांनाही घालतातच की, असं ती म्हणाली, आणि यात खोटं काय होतं? ते माझे वडील आहेत हे तिला माहीत होतं. ते जिवंत आहेत हेही माहीत होतं. भिंतीवरच्या फोटोतल्या जिवंत माणसाला आपण हार घालत नाही, हे तिला कोण सांगणार होतं? मी सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला आणि रडायलाच लागली, आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागली.

आता काढायचा कसा? सकाळभर खोलीचं मोठं दृश्य घेऊन झालं होतं. विधवेचं काम करणाऱ्या वयस्कर नटीने त्या हाराला हात लावून एक मोठा प्रवेशही केला होता. आमच्या कामात एकदा जे दिसलं ते शेवटपर्यंत तसंच दिसावं लागतं. दिग्दर्शक भला माणूस होता, त्याने चारदा माफी मागितली, पण पुन्हा घ्यायला वेळ नव्हता आणि पुढच्या आठवड्यात गोदाम दुसऱ्यांना द्यायचं होतं. नंतर कंप्युटरवर चेहरा बदलता येईल का बघू, असं तो म्हणाला. मी बाहेर येऊन पुण्याला फोन लावला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खो-खो हसले. जिन्यावरून थेट बैठकीत, म्हणाले, बढती मिळाली. चेहरा बदलायचं नाव काढलं तर चिडलेच. एवढी वर्षं लोकांच्या नाटकांत मेलो, आता साहेबाच्या नाटकात मरतो, मध्ये पडू नकोस. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता हे मला ठाऊक नव्हतं.

"उतरव तो," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता उतरव."

मी तिला कंटिन्युइटी समजावायला गेले. माझी अक्कल! समोर बाई आपल्या जिवंत नवऱ्याच्या गळ्यातला हार काढ म्हणतेय आणि मी तिला मोठं दृश्य आणि जवळचं दृश्य सांगतेय. मी वैतागून असंही म्हणाले की आई, लाकडाच्या सालीने काही होत नसतं. ती म्हणाली, मग काढायला तुझं काय जातंय? बाबांनी फोन हातात घेतला, स्पीकर बंद केला आणि हळूच म्हणाले, राहू दे, मी बघतो तिचं.

त्या खोलीतलं काम संपेपर्यंत तो फोटो माझ्या ताब्यात होता. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन आदल्या दिवसाच्या छायाचित्राशी ताडून हार बरोबर करायचा. डावीकडचा झुपका थोडा वर, मधला पदर खांद्याच्या रेषेत. कुणा दुसऱ्याला हात लावू द्यायला मन होईना, म्हणून मीच करायचे. बाबा माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघत असायचे. एकदा मुलगी शाळेतून तिकडे आली आणि आजोबा किती छान दिसतात असं जर्मनमध्ये म्हणाली. मी गेनाऊ, म्हणजे अगदी खरं, म्हटलं आणि तिला बाहेर जेवणाच्या गाडीकडे पाठवलं. शेवटच्या दिवशी मैत्रिणीने तो फोटो हारासकट बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या हवाली केला. मी तो घरी आणून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलींच्या मागे उभा करून ठेवला. वर आणायचं धाडस नव्हतं.

बाबा दिवाळीच्या आधी गेले. मालिका अजून लागायची होती. दुपारी आई खाली भाजी आणायला गेली होती, परत आली तर ते खुर्चीतच. हृदय. डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं आत साठत आलेलं होतं, रक्तदाबाच्या गोळ्या ते मनाला येईल तेव्हा घ्यायचे. मला हे सगळं कळतं. बोलाफुलाला गाठ पडते, बाकी काही नाही. हे मी विमानात स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेजारच्या माणसाने मला पाणी आणून दिलं.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. चुलतभावाने आईला विचारलं होतं, तिच्यासाठी थांबायचं का? आई नको म्हणाली होती. हे मला त्याच्याकडूनच कळलं, आणि कळल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून हमसून हमसून रडले. आईने मला जेवायला वाढलं, अंथरूण घातलं, पण नजरेला नजर दिली नाही. कोपऱ्यात दिवा तेवत होता आणि दिव्याशेजारी फोटो नव्हता. भेटायला येणारी माणसं नमस्कार करायला वाकायची आणि गोंधळायची. शेवटी शेजारच्या काकूंनी विचारलंच, अहो, एखादा चांगला फोटो नाही का यांचा?

"आहे ना," आई म्हणाली. "आधीच लागलाय. जर्मनीत."

खोलीत मी होते. ती माझ्याकडे न बघता बोलली. काकूंना काही कळलं नाही, त्या मान डोलवून बसल्या. मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं.

मी परत आले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर फोनवर आई नवऱ्याशी बोलायची, नातीशी बोलायची, नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि तेही तिला गोड लागायचं. माझ्या हातात फोन आला की बरं आहे, ठेवते. नवरा म्हणाला थोडा वेळ दे. मी त्याच्यावर खेकसले, की वेळ कुणाकडे आहे, बाबांकडे होता? कामाचे दोन फोन आले तेव्हा मी मोकळी नाही म्हणून सांगितलं. भिंतीवर कुणाचा फोटो लावणं आता मला नको होतं. मालिका कधीच लागून गेली होती. मी पाहिली नाही.

उन्हाळ्यात नवऱ्याने खटपट करून आईला इकडे आणलं. अहो आई, नातीची सुट्टी आहे, तुमच्याशिवाय कोण बघणार तिला, अशी लोणकढी थाप मारली त्याने, आणि ती आली. आल्या आल्या माझे डबे घासले, मसाले उन्हात घातले, बाल्कनीत कोथिंबीर पेरली. माझ्याशी कामापुरतं. मीठ कुठाय, झाडू कुठाय. बाबांचं नाव दोघींच्याही तोंडात नाही. असे कितीतरी दिवस गेले, आणि मग एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "लाव ते."

मी काय म्हणून विचारलं नाही. टीव्हीवर ती मालिका लावली. नवरा कामावर, मुलगी पोहायला. आम्ही दोघी सोफ्याच्या दोन टोकांना, मध्ये घड्यांचा ढीग. ती आता उठून बाल्कनीत जाईल म्हणून मी वाट बघत होते. ती उठली नाही.

बैठकीची खोली आली. नटी चहाचा कप घेऊन बसलेली, तिच्यामागे भिंत, भिंतीवर बाबा. पण ते ओळखू येत नव्हते. कॅमेऱ्याचं लक्ष नटीवर होतं, आणि मागचं सगळं धुकट. पांढरा शर्ट कळत होता, चेहऱ्याच्या जागी नुसता गव्हाळ ठिपका. पुढचा प्रवेश, तेच. त्याच्या पुढचा, तेच. आई पुढे सरकली. मग उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"नीट दाखव ना," ती म्हणाली.

मला नीट दाखवता येत नव्हतं. मी सांगितलं की असंच घेतात, आई, पुढचा माणूस स्पष्ट दिसावा म्हणून मागचं धूसर ठेवतात. मग तो मोठा प्रवेश आला. नटी उठते, भिंतीपाशी जाते, हार चाचपते. तिची बोटं लख्ख दिसली, चंदनाची एकेक साल लख्ख दिसली, आणि बाबांचा चेहरा पडद्याच्या वरच्या कडेला कापला गेला. नुसती हनुवटी.

आई वळली. मला वाटलं आता ती मला बोलेल, वर्षभराचं सगळं. पण ती भलत्याच गोष्टीवर भडकली होती. एवढा नवा फोटो काढला माणसाने. केस कापून आले होते त्यासाठी. अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलं होतं, आणि मेल्यांनी तोंड पण दाखवलं नाही? शेवटी नावांची यादी सरकायला लागली तेव्हा माझं नाव कुठाय म्हणून विचारलं. मी थांबवून दाखवलं, मुंगीएवढं. तिने वाचलं. मग म्हणाली, आणि यांचं? फोटोंची नावं नसतात म्हणून सांगितलं तर ती मटकन सोफ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बाबा गेल्यानंतर तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी मधला घड्यांचा ढीग उचलून खाली ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिने मला दूर केलं नाही.

डोळे पुसून तिने विचारलं, तो हार रोज तसाच कसा दिसायचा? मी म्हटलं, मी रोज सकाळी जाऊन सारखा करायचे. तूच? हो, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ती म्हणाली, आण वर.

मी केलरमधून फोटो आणला. प्लास्टिक काढलं तर इतक्या महिन्यांनी चंदनाचा वास अजून होता. आईने हार काढून बाजूला ठेवला, काच पदराने पुसली आणि फोटो मांडीवर घेऊन बसली. कितीतरी वेळ त्यांना बघत होती. स्पष्ट, जवळून, हवं तेवढं. नजर कुठे लावून बसलेत बघ, म्हणाली, कुणीतरी वाक्य सांगेल म्हणून वाट बघतायत, पाठ कधी केलं तर ना.

निघायच्या दिवशी फोटो तिने साड्यांच्या मध्ये घालून हातातल्या बॅगेत भरला. विमानतळावर जायला नवरा गाडी काढत होता. मी हार वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, जरा वेळ धरून ठेवला, आणि मला परत दिला.

"हा राहू दे तुझ्याकडे. माझ्या वेळी लागेल," ती म्हणाली, आणि चप्पल घालता घालता वर न बघता पुढे म्हणाली, "या खेपेला मात्र घाई करू नकोस."